ग्रस्तास्त: ठाणे ते वाशी, तीन संध्याकाळी

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधे एक दिवस मोकळा आला, मंगळवार, २५ ऑक्टोबर. त्याच अमावस्येला खंडग्रास सूर्यग्रहण. मुंबई-ठाण्यात स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, संध्याकाळी ४.४९ ला, मध्य ५.४२ च्या सुमारास आणि सूर्यास्त ६.०८ ला. म्हणजे मोक्ष व्हायच्या, ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य मावळणार. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. मध्याला बिंबाचा साधारण २४ टक्के भाग झाकला जाणार होता. आकडा छोटा वाटतो, पण डोक्यावरच्या ग्रहणाचा फोटो गच्चीतून काढा नाहीतर रस्त्यावरून, काळ्या पाटीवरची केशरी चकती सगळीकडे सारखीच येते. क्षितिजाला टेकणाऱ्या ग्रासलेल्या सूर्याला जागा लागते. समोर काय आहे, किती उंच आहे, पाणी आहे की चिखल, हे सगळं फोटोत येतं. या तीन दिवसांतला निम्म्याहून जास्त वेळ जागेपायीच गेला, आणि ती जागा ठाण्यात मिळाली नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर: उपवन, गायमुख आणि मग खाडी

पहाटेचं अभ्यंगस्नान, फराळ आणि दुपारी बाराच्या आत उपवन. तलावाच्या काठावर होकायंत्र धरलं. या तारखेला आपल्याकडे सूर्य २५७ अंशांवर मावळतो, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून तेरा अंश दक्षिणेकडे. उपवनच्या काठावरून त्या दिशेला येऊरचा डोंगर उभा आहे. हात ताठ पुढे धरून बोटं आडवी लावली की उंची मोजता येते: तीन बोटं सुमारे ५ अंश, चार बोटं ७, अख्खी मूठ १०. डोंगर चार बोटं भरला. आपल्या अक्षांशावर मावळतीचा सूर्य तासाला सुमारे १४ अंश खाली येतो. म्हणजे उपवनला सूर्य अर्धा तास आधीच, ग्रहणमध्य व्हायच्याही आधी डोंगराआड जाणार. ठाण्यात मुक्काम असेल तर हे आधीच धरून चालावं: शहराची पश्चिम येऊरने अडवलेली आहे आणि खाडी पडते पूर्वेला. घोडबंदर रोडवर गायमुखला पाणी आहे, पण ते उत्तरेकडे. मावळतीला पुन्हा डोंगरच.

म्हणून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी. सागर विहारच्या कठड्यापाशी उभं राहिलं की खाडी पश्चिमेला पसरलेली दिसते. पलीकडे मानखुर्द-चेंबूरकडच्या इमारतींची बुटकी रांग, डावीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर. २५७ अंशांची रेघ त्या डोंगराच्या उजवीकडून मोकळी जाते. मधे विजेचे मनोरे.

दुपारी दीडला पाणी कठड्याजवळ होतं. फोटो मनात तयार झाला: वर ग्रासलेला सूर्य, खाली पाण्यात त्याची सोनेरी पट्टी. तिथे जाळं आवरत बसलेल्या एका कोळी काकांना सहज विचारलं, उद्या संध्याकाळी पाणी असंच असेल ना?

"उद्या आवस," ते जाळ्यातून नजर न काढता म्हणाले. "सहा वाजता पानी कुटं? चिखल असंल समदा."

मग हिशेब सांगितला, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. अमावस्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत थोडी आणखी उशिरा. वर उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा लांब मागे जाणार. हे ऐकलं आणि पुढची गोष्ट आपोआप जुळली. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं. मग मुंबईच्या किनाऱ्यावर ग्रस्तास्त सूर्य जेव्हा केव्हा दिसेल, तेव्हा समोर ओहोटीच असणार. ग्रहणाच्या वेळा सेकंदापर्यंत पाठ असलेल्या माणसांच्याही हे लक्षात येत नाही.

पण चिखल अगदीच वाया जात नाही. ओहोटीत खाडीच्या तळाशी पाण्याच्या अरुंद वाटा उरतात, आणि प्रतिबिंबाला तेवढी वाट पुरते. फक्त ती योग्य अंतरावर हवी. कॅमेरा चिखलाच्या पातळीपासून ३ मीटर उंच असेल आणि सूर्य ५ अंशांवर, तर प्रतिबिंब सुमारे ३४ मीटरवर पडतं. सूर्य २ अंशांवर आला की ८६ मीटरवर. याच पट्ट्यात पाणी दिसेल अशी जागा कठड्यावरून चालत चालत हेरून ठेवली, तीही त्याच संध्याकाळी, ओहोटी लागल्यावर.

आदल्या संध्याकाळी त्याच जागी, त्याच वेळी उभं राहणं ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट. या दिवसांत सूर्याची मावळायची जागा रोज बिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी सरकते आणि वेळेत जेमतेम मिनिटाचा फरक पडतो. म्हणजे २४ ची संध्याकाळ ही २५ ची रंगीत तालीमच. त्या तालमीत तीन गोष्टी कळल्या.

पहिली, सूर्य सरळ खाली येत नाही, उजवीकडे कलत येतो. ४.४९ ला तो २५० अंशांवर आणि क्षितिजापासून १७ अंश वर असतो, मावळताना २५७ वर. म्हणजे अख्ख्या ग्रहणाची माळ, म्हणजे एकामागोमाग टिपलेली सगळी बिंबं, एकाच चौकटीत हवी असेल, तर १७ अंश उंची आणि ७ अंश रुंदी लागते. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स उभी धरली की हे नेमकं बसतं, खाली थोडी खाडी ठेवून. ५० मिमी आडवी धरली तरी बसतं, पण बिंब सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान उमटतं.

दुसरी गोष्ट मनोऱ्याची. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाहून किंचित मोठं आहे, म्हणून २ किलोमीटरवरच्या वस्तूशेजारी ते १८-१९ मीटर रुंद दिसतं. मनोऱ्याची वरची चौकट त्यात छान मावते. सूर्य मनोऱ्याच्या मागे आणायचा तर आपण सरकायचं: २ किलोमीटरवर १ अंश म्हणजे ३५ मीटर. सूर्य मनोऱ्याच्या उजवीकडे उतरत असेल तर आपण डावीकडे जायचं, मनोरा उजवीकडे सरकतो. पावलं मोजून कठड्यावर खडूने खूण केली.

तिसरी गोष्ट नकोशी होती. सूर्य क्षितिजापर्यंत पोचलाच नाही. जवळजवळ दीड अंश वर असतानाच धुरकटात विरून गेला, ६.०८ ऐवजी ६.०२ ला. पावसाळा संपल्यानंतरची ही नेहमीची धूळ, आणि अंधार पडल्यावर लक्ष्मीपूजनाचे फटाके सुरू झाले तेव्हा दुसऱ्या दिवशी हे आणखी वाढणार हे उघडच होतं. त्यामुळे सूर्यास्ताचा फोटो म्हणजे इथे ६ च्या आतला फोटो, असं धरूनच सगळं वेळापत्रक बसवलं.

रात्री लेन्ससाठी सूर्यप्रकाश अडवणाऱ्या गाळण्या (फिल्टर) तयार केल्या. बाडर ॲस्ट्रोसोलरची फिल्म ए-फोर कागदाच्या आकारात मिळते. लेन्सच्या तोंडाभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून कडं करायचं, लेन्सच्या शेडवरून सरकेल पण हलणार नाही इतपत घट्ट. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधे लेन्सच्या काचेपेक्षा थोडं मोठं भोक, दोन्हींवर दुहेरी चिकटपट्टी, आणि फिल्म मधे ठेवून चकत्या दाबायच्या. फिल्म ताणायची नाही, हात इथेच चुकतो. ताणली की प्रतिमा दुहेरी आणि फिकट होते. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. तयार गाळणी दिव्यासमोर धरून टाचणीएवढं भोक नाही ना ते पाहायचं. भोक दिसलं तर ती गाळणी टाकून द्यायची, वर पट्टी चिकटवून वापरायची नाही.

दोन घनता असतात, एनडीचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी. एनडी ५.० ही डोळ्यांनी पाहण्यालायक. एनडी ३.८ मधून तिच्या सोळापट प्रकाश येतो, ती फक्त कॅमेऱ्यासाठी, आणि तीही पडद्यावर पाहतच. गाळणी नेहमी लेन्सच्या पुढे लावायची. मागे लावली तर लेन्सने एकवटलेली उष्णता तिच्यावरच पडते. एक्स-रेच्या फिल्मा, सीडी, काळे गॉगल, काजळी धरलेली काच यातलं काहीही चालत नाही. डोळ्यांसाठी ग्रहणाचा प्रमाणित चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच.

मंगळवार, २५ ऑक्टोबर: ग्रहण

सकाळ धुरात उजाडली. दुपारपर्यंत खाडीवरचा वारा सुटला आणि धूर बराच पांगला. साडेतीनला कठड्याशी पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं, खाजणाची मुळं उघडी पडली होती आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे पंधरा-वीस मीटर चिखल चमकत होता.

कठड्यामागच्या टपरीवर चहावाल्या मावशी ग्रहण लागायच्या आत आवराआवर करत होत्या. दुधाच्या पातेल्यात त्यांनी तुळशीची दोन पानं टाकली, पाण्याच्या हंड्यात दोन टाकली, आणि स्टो बंद केला. "आता सुटेपर्यंत नाही हो चहा. आधीच घ्या." म्हणून सव्वाचारला दोन-दोन कटिंग एकदम. सुटायच्या आधीच सूर्य बुडणार हे त्यांना माहीत होतं. "मग उद्या सकाळी सूर्य बघूनच," त्या म्हणाल्या.

४.३० पर्यंत मांडणी झाली. एका तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ८५ मिमी, दर ५ मिनिटांनी एक फोटो, शेवटपर्यंत न हलवता. दुसऱ्यावर ६०० मिमी. लेन्सची लांबी १०९ ने भागली की सेन्सरवरचं सूर्यबिंब किती मोठं ते कळतं. ६०० ला साडेपाच मिलिमीटर. यापेक्षा लांब लेन्स लावायचा मोह टाळावा, कारण सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा दोन मिनिटांत सरकतो आणि मग सारखा कॅमेराच ओढावा लागतो.

माळेसाठी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवली. हे राहिलं तर नंतर कोणतं बिंब कोणत्या मिनिटाचं हे जुळवताना डोकं फुटतं. रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, लेन्समधली थरथर थांबवणारी सोय बंद. तिकाटण्यावर ती चालू राहिली तर स्वतःच हलते. फोकस स्वयंचलित ठेवला की तो बिंबाच्या कडेवर पुढे-मागे धडपडतो. पडद्यावर दहापट मोठं करून सूर्यडागावर, नाहीतर कडेवर हाताने जुळवायचा आणि रिंग कागदी चिकटपट्टीने बांधायची. उन्हात नळी तापते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं.

खारा वारा जोरात होता. तिकाटण्याला पिशवी लटकवायची पद्धत आहे, पण वाऱ्यात लटकती पिशवी झोके घेते आणि कॅमेऱ्याला सोबत हलवते. पिशवी जमिनीवर टेकवून दोरी ताणून बांधली की थरथर थांबते.

४.४९. पडद्यावर काहीच नाही. ४.५१ ला उजव्या कडेवर बारीकसा दबलेला भाग, पाटीवरच्या चंद्राला कुणी बोटाने पुसल्यासारखा. पाच मिनिटांत तो स्पष्ट चावा झाला. एनडी ५.० गाळणी, एफ/८, आयएसओ १०० ला सूर्य उंच असताना १/४०० सेकंद पुरतो. इथे १७ अंशांवर आणि धुरकटात सुरुवात १/२५० ने केली. ५.३० ला १/६०. ५.४२ ला मध्य झाला तेव्हा सूर्य जेमतेम साडेपाच अंशांवर होता. आयएसओ ४०० करून १/६०. प्रत्येक वेळी खाली-वर एकेक स्टॉपचे (निम्म्या आणि दुप्पट प्रकाशाचे) धरून तीन फोटो, कारण धुरकटाचे थर एकसारखे नसतात आणि दहा मिनिटांत अंदाज चुकतो.

कॅमेऱ्यापेक्षा जास्त गर्दी मात्र मागच्या भिंतीपाशी झाली. फिरायला आलेल्या एका ताईंच्या पिशवीत शेजारणीला परत द्यायचा चकलीचा सोऱ्या होता. त्यातली शेवेची जाळी काढून उन्हात भिंतीपासून दीड हात लांब धरली. प्रत्येक भोकाचा एकेक ठिपका उमटला, पण गोलच, कारण अंतर कमी होतं. भोकातून पडणारी सूर्याची प्रतिमा अंतराच्या १०९ वा भाग असते: एक मीटरवर ९ मिलिमीटर, दोन मीटरवर १८. मीटर-दीड मीटर मागे गेल्यावर भिंतीवर एकदम पन्नासेक उष्टावलेले सूर्य उभे राहिले. जाड शेवेच्या भोकांनी ते भरड दिसले. बारीक शेवेची जाळी लावली तर अंधुक, पण चावा नीट. नातवाला घेऊन आलेल्या एक आजी इतका वेळ खाडीकडे पाठ करून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी भिंत पाहिली, आणि मग उठून जवळ आल्या. "वर बघायचं नाही म्हणतात. भिंतीकडे बघायला कुणी नाही म्हटलंय?" पुढची वीस मिनिटं जाळी त्यांच्याच हातात होती.

आणखी मोठी प्रतिमा हवी असेल तर छोट्या आरशावर कागद चिकटवून त्याला सुमारे ८ मिलिमीटरचं भोक ठेवायचं आणि कवडसा वीस मीटर लांबच्या सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. १८ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, पन्नास माणसं एकदम पाहतात आणि कुणालाच वर पाहावं लागत नाही. आरसा मातीच्या गोळ्यात खुपसून ठेवला की हात मोकळे राहतात.

५.५० ला एनडी ५.० मधून बिंब फिकट पडलं आणि ३.८ ची गाळणी चढवली. हे बदलताना लेन्स आधी सूर्यापासून बाजूला वळवायची, मग गाळणी काढायची. घाईत उलटं केलं तर शटरचे पडदे आणि सेन्सर भाजतात. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचाच नाही.

५.५४ ला सूर्य मनोऱ्यामागे आला, खडूच्या खुणेपासून चार पावलं सरकावं लागलं इतकंच. तापलेल्या चिखलावरची हवा उकळत होती आणि बिंबाची कड लाटांसारखी हलत होती. अशा वेळी एकेक फोटो काढत बसू नये, दहा-दहाचे झोत घ्यावे. त्यातले एक-दोन स्वच्छ निघतात. क्षितिजाजवळ वातावरण बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलतं, त्यामुळे सूर्य बसका दिसतो. ग्रासलेला सूर्य बसका झाला की त्याचा आकार चकतीचा राहत नाही, टवका उडालेल्या मातीच्या पणतीसारखा होतो. चिखलातल्या पाण्याच्या वाटेत त्याची तांबडी रेघ उतरली, हेरलेल्या जागीच, पण पट्टीच्या ऐवजी तीन तुकड्यांत. पाण्याच्या अखंड पट्टीपेक्षा ते तुकडे फोटोत जास्त बोलतात.

६.०१ ला सूर्य धुरकटात गेला, क्षितिजाच्या दीड अंश वर, उजवा खांदा अजून खाल्लेलाच. लांब कुठेतरी "दे दान, सुटे गिऱ्हाण" ऐकू आलं.

बुधवार, २६ ऑक्टोबर: पारसिक टेकडी आणि भाऊबीजेची कोर

पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. काल ज्या चंद्राने सूर्य खाल्ला तोच आज संध्याकाळी सव्वीस तासांची कोर होऊन दिसणार होता. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी हे करून पाहावंच. कालचा काळा आकार आज उजळलेला बघायला मिळतो.

बेलापूरच्या पारसिक टेकडीवर गेलं की पश्चिमेला पाम बीच रोड, खाडी आणि पलीकडची मुंबई एका नजरेत येते. सूर्यास्ताच्या वेळी चंद्र आठेक अंशांवर, सूर्य मावळला त्या जागेच्या डावीकडे. पाऊण तासाच्या आत तोही बुडतो. साडेसहाच्या आधी डोळ्यांना दिसत नाही आणि त्यानंतर धुरकट गिळतं, म्हणजे हातात दहा मिनिटं. दुर्बिणीने शोधायचा, पण सूर्य पुरता बुडाल्यावरच.

टेकडीवर एक बहीण तबक घेऊन उभी होती. निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं. आधी चंद्राला ओवाळायचं, मग भावाला, आणि कोर काही सापडत नव्हती. दुर्बिणीतून जागा दाखवली: दूरच्या उंच इमारतीच्या वर तीन बोटं. "अगंबाई, हा एवढासा?" कोर दीड टक्काच उजळलेली होती, नखाच्या कातरणाएवढी. तिने घाईने ओवाळलं आणि भाऊ भुकेने कळवळतोय म्हणत डब्यातला अनारसा सगळ्यांना दिला.

२०० मिमी, एफ/४, आयएसओ ४००: कोर १/१५ ला येते. उरलेलं राखाडी बिंब, म्हणजे पृथ्वीवरून परतलेला उजेड, हवा असेल तर १ सेकंद. त्याहून जास्त ठेवलं की चंद्र पसरतो.

अंधार पडल्यावर पूर्वेकडे वळून ८ नोव्हेंबरचं मोजमाप केलं. त्या पौर्णिमेला चंद्र ग्रासलेलाच उगवणार, पंचांगाच्या भाषेत ग्रस्तोदित. मुंबईत चंद्रोदय ६.०१ ला आणि मोक्ष ६.१९ ला, म्हणजे अठरा मिनिटं. दिशा ७२ अंशांच्या आसपास. वाशी-ऐरोलीतून त्या दिशेला हीच पारसिकची रांग आड येते, म्हणून ग्रस्तास्ताची जागा ग्रस्तोदिताला चालणार नाही. टेकडीच्या माथ्यावरून मात्र ७२ अंशांवर चंदेरी-मलंगगडाची रांग दीड-दोन अंशच वर दिसते. चंद्राला तेवढं चढायला आठ मिनिटं लागतात. दहा उरतात. पौर्णिमेचीही तिथी पंधरावीच, ओहोटी पुन्हा सहाच्या सुमारास, पण त्या दिवशी खाडी पाठीमागे असेल.

पश्चिमेचा कठडा सोडून टेकडीच्या पूर्व अंगाला, दिव्याच्या खांबापासून बारा पावलांवर, तिकाटण्याच्या तीन पायांच्या जागी खडूने खुणा केल्या. पाऊस पडला तर पुसल्या जातील, म्हणून खांबावरचा नंबरही वहीत उतरवून घेतला.